कोयते निघायच्या आधी

ज्या मुलांविषयी मी वर्षभर रोज विचार करत होते, त्यांतलं एकही मूल मी पाहिलेलं नव्हतं. पुण्यातल्या आमच्या लहानशा संस्थेत माझं काम उत्तरं मोजायचं. हिंगोली जिल्ह्यातल्या गावागावांत आमच्या संस्थेच्या बायका फिरल्या होत्या. तेरा वर्षांवरच्या मुलामुलींशी एकेकट्याने, कुणी ऐकणार नाही अशा जागी बसून बोलल्या होत्या. घरी कोण मारतं, शाळेत कोण मारतं, नको तसा हात कुणी लावला का, आणि हे कुणाला सांगितलंस का. ती उत्तरं माझ्यापर्यंत यायची तेव्हा त्यांवरची नावं पुसलेली असायची. मुलगी की मुलगा, वय काय, आईबाप घरी असतात की ऊसतोडीला जातात, एवढंच मला कळायचं.

दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी, त्या उत्तरांतून काय निघालं ते गावांना जाऊन सांगायचं ठरलं. खरं तर हे काम दुसऱ्या कुणाचं होतं. मी म्हटलं, मी जाते. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी ईशा. ती जूनपासून लातूरला क्लासला. दिवाळीत येऊन गेली आणि तिच्या खोलीत अर्धवट गुंडाळलेलं अंथरूण तसंच पडलं होतं. ते उचलायला हात होत नव्हता. त्यापेक्षा प्रवास बरा.

हट्टा

हट्ट्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना हळद दिसली आणि मी जीपमध्ये सरळ होऊन बसले. मी मूळची सांगलीकडची. हळदीची ती रुंद, ओली पानं म्हणजे माझं माहेरच. पण तिकडे हळदीशेजारी ऊस असतो, माणूस बुडेल एवढा, आणि आभाळाचा तुकडाच काय तो दिसतो. इथे सोयाबीन निघून गेलेली काळी रानं उघडी पडली होती, मधूनमधून तुरीला पिवळा फुलोरा, आणि नजर जाईल तिथपर्यंत आभाळ.

स्टँडवर शोभाताई उभ्या होत्या. मुलांशी बोलायला फिरलेल्या बायकांपैकी या एक, राहणार सेनगाव. आमचं वर्षभर फोनवर बोलणं होतं, पण भेट पहिलीच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आवाजावरून तुमी जाड्या वाटत व्हत्या, ताई."

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंधरा-वीस माणसं जमली. माझं बोलून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, लेकराला दोन चापट्या दिल्या तर ते बी तुमी धरता का?"

"धरतो, आजोबा."

"मंग आमी समदेच आलो की त्यात!"

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात मागून एका बाईने, डोक्यावरचा पदर न काढता, विचारलं, "मार खाल्लेल्या लेकरानं कुनाला सांगितलं का पर?"

"बहुतेकांनी कुणालाच नाही," मी म्हणाले.

हसू विरून गेलं. आजोबा खाली बघत राहिले. निघताना त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमचा नातू मला बघून बाजूच्या खोलीत जातो. मी समजत व्हतो, मान देतो म्हनून."

आखाडा बाळापूर

बाळापूरला आम्ही बाजाराच्या दिवशी पोचलो, हे चुकलंच. रस्त्यावर ट्रक, जीपा, मिरच्यांचे ढीग, आणि त्या गर्दीत माझी चप्पल तुटली. शोभाताईंनी घासाघीस करून मला अशी एक चप्पल घेऊन दिली, जी मी एरवी कधी घातली नसती आणि आता रोज घालते. गरम भजी आणि बरोबर तळलेली मिरची खाल्ली. सांगलीत मिरचीला इतकं मनावर घेत नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि भजीवाला आपुलकीने आणखी मिरच्या वाढत होता.

खरी फजिती सभेत झाली. मी पुण्याहून मोठे रंगीत तक्ते करून आणले होते. उभे पट्टे, जिथे मारहाण जास्त तिथला पट्टा उंच. मला फार अभिमान होता त्यांचा. मी तक्ता भिंतीवर लावला आणि बोलायला सुरुवात करायच्या आत गावचे एक पुढारी उठले. आपल्या भागाचा पट्टा सगळ्यात उंच आहे हे त्यांनी हेरलं होतं. ते सगळ्यांना म्हणाले, "बघा, आपला नंबर पहिला हाय!" टाळ्यासुद्धा पडल्या.

 शोभाताई उठल्या, तक्ता काढला, गुंडाळला आणि म्हणाल्या, "दादा, हा पट्टा माराचा हाय. जितका उंच तितकं लेकराचं अंग सुजलेलं." मग त्या साध्या बोलत गेल्या. मी खुर्चीवर बसून ऐकत राहिले. तक्ते पुढच्या प्रवासात जीपमध्ये उन्हाला आडोसा म्हणून कामी आले.

सेनगाव

मुक्काम शोभाताईंच्या घरी. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाच्या फोडणीचं घट्ट वरण. जेवताना ईशाचा फोन आला.

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"बरीय गं."

फोन संपला. शोभाताई भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "किती लांब हाय पोरगी?" लातूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जवळच की."  आपलं मूल जिथे आपल्याला दिसत नाही ती प्रत्येक जागा सारखीच लांब असते, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

तांडा

सेनगावपासून काही अंतरावरचा एक तांडा. नाव देत नाही, आणि यापुढची माणसांची नावंही बदललेली आहेत. जिची ही हकिकत आहे त्या बाईने लिहायला परवानगी दिली आहे.

या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरायचे. आता बहुतेकांची थोडी थोडी शेती आहे आणि दिवाळी सरली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. कुठे? तर आमच्या सांगलीकडे. लहानपणी मी या माणसांना आमच्या उसात पाहिलेलं होतं, पण ती तिकडे कुठून येतात आणि मागे काय ठेवून येतात, ते इथे आल्यावर दिसलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई नाही आली तर एकट्या पुरुषाला टोळीत घेत नाहीत. त्यामुळे लेकरं एकतर उसाच्या फडात जातात, शाळा सोडून, नाहीतर मागे नातेवाइकांकडे राहतात.

आमच्या उत्तरांमध्ये सगळ्यात ठळक काही निघालं असेल तर ते याच मुलांविषयी. मागे राहिलेल्यांना मार जास्त, आणि एकटेपण जास्त. ज्यांना मनातलं सांगायला एखादं मोठं माणूस होतं, त्यांना दोन्ही कमी. आणखी एक गोष्ट. अशा मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं, पण या तांड्यावर ते आईबाप जाऊन बरेच दिवस झाल्यावर सुरू व्हायचं. तोवर लेकरू कुणाच्या तरी घरी गेलेलं असायचं, पाणी भरायला, भांडी घासायला लागलेलं असायचं, आणि मग ते घर त्याला सोडायचं नाही. मुलांची उत्तरं सांगत होती, वाईट दिवस तिथून सुरू होतात.

मंदिरासमोरच्या ओट्यावर मी हे सांगितलं, या वेळी तक्त्याविना. बायका खाली मान घालून ऐकत होत्या. पुरुषांपैकी एकदोघे उठून गेले. तांड्याचे नाईक म्हणजे प्रमुख, पांढऱ्या मिशांचा शांत माणूस, शेवटपर्यंत बसले. भिंतींवर दिवाळीच्या पणत्या अजून तशाच होत्या.

सभा मोडल्यावर एक बाई आमच्या मागे मागे आली. तिशीच्या पुढची, हातांवर जुन्या कापल्याच्या खुणा. तिचं नाव कमल.

"ताई," तिने मला विचारलं, "त्यात माझी निकिता हाय का?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला.

"चौदा वरसाची हाय. तुमच्या बायका तिच्याशी बोलल्या व्हत्या. मार खाल्लेल्यांत ती हाय का, एवढंच सांगा."

"कमलताई, मला खरंच माहीत नाही. नावं माझ्यापर्यंत येतच नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग शोभाताईंकडे वळली. "तूच बोलली व्हती ना तिच्याशी? लिंबाखाली बसल्या व्हत्या तुमी दोघी. मी लांबून बघितलं. काय म्हनली ती?"

शोभाताईंचा चेहरा मी पाहिला. त्यांना माहीत होतं. हो किंवा नाही, जे काही होतं ते त्यांना माहीत होतं, आणि निकिताला त्यांनी शब्द दिला होता की हे कुणालाही सांगणार नाही.

"कमल, म्या लेकराला वचन दिलंय," त्या म्हणाल्या. "ज्या लेकराला मदत पायजे व्हती त्याला आमी इचारलं, देऊ का म्हनून. बाकी मी कोनाचंच काही सांगनार न्हाई. तुझ्या लेकराचंबी न्हाई, दुसऱ्याच्याबी न्हाई."

"मी आई हाव तिची!"

"व्हय. म्हनून तूच इचार."

"इचारत न्हाई का मी? मागल्या साली फडातून रोज फोन केला. रोज इचारलं, बरी हाईस का. ती म्हनायची, बरी हाय."

"तसं न्हाई," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी कमलचा हात धरला आणि तिला ओट्यावर बसवलं. "बरी हाईस का म्हटल्यावर लेकरू व्हयच म्हनतं. घरात नगं इचारू. हातात काम असू दे दोघींच्या. मागल्या साली काकाच्या घरी दिवस कसा जायचा, सकाळपासून सांग म्हनायचं. आन् मंग गप बसायचं. मधी बोलायचं न्हाई, रडायचं न्हाई, कोनाला शिव्या द्यायच्या न्हाई. तिचं सरेपर्यंत."

कमल उठून गेली. त्या दिवशी आम्ही जीपने परत सेनगावला आलो. उतरताना शोभाताई म्हणाल्या, "लई तकलीफ व्हते, ताई, या कामात."

कापूस

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तांड्यावर गेलो तर कमल वाटेवरच उभी होती. सकाळी ती निकिताला घेऊन कापूस वेचायला गेली होती. दोघी दोन ओळींत, शेजारी शेजारी. तिने विचारलं आणि गप राहिली. निकिताने ओळ संपेपर्यंत कापूस वेचला. मग बोलायला लागली.

पहाटे उठून पाणी. मग सगळ्यांच्या भाकरी. शाळेला उशीर झाला की जाऊ नको म्हणायचे. भाकरी करपली म्हणून काकाने चुलीजवळची फुंकणी उचलून पाठीवर मारली होती. एकदा नाही. फोन काकाच्याच हातात असायचा, आवाज मोठा करून, आणि काका शेजारी बसायचा.

"म्हनून ती बरी हाय म्हनायची," कमल म्हणाली. "मी तिकडं फडात फोन ठेवायचे आन् खुशीत झोपायचे."

तिने निकिताला विचारलं होतं, मला काहून नाही सांगितलंस. निकिता म्हणाली होती, "तू तिकडं रडशील. आन् काम सोडून येता बी येनार न्हाई."

मला निकिता त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. घराच्या दारात बसून ती कापसातला पाला काढत होती. लांब वेणी, कोपराला खपली. तिने शोभाताईंकडे बघितलं. शोभाताई तिच्याजवळ गेल्या. शेजारी बसून त्याही पाला काढू लागल्या.

कमलचा नवरा देविदास बैलांना चारा टाकत होता. तो म्हणाला, "मी भावाला काय म्हनू? आमी गेल्यावर बैलं तोच बघतो, शेताला पानी तोच देतो." मग हातातला उरलेला चारा त्याने बैलांपुढे टाकला. "पर लेकरू तिथं न्हाई ठेवनार," तो म्हणाला.

शाळा

नाईकांनी संध्याकाळच्या आत शाळेत बैठक लावली. मुख्याध्यापक आले, लेकरांच्या आया आल्या. मी पुन्हा तेच सांगितलं: वाईट दिवस म्हणजे आईबाप जायच्या आणि वसतिगृह उघडायच्या मधले. मुख्याध्यापक चांगला माणूस, पण म्हणाले, मंजुरी येईपर्यंत मला काही करता येत नाही.

कमल उभी राहिली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, ते दिसत होतं. "सर, मंजुरी येईल तवा येईल. आमी ज्वारी देऊन जातो, डाळ देऊन जातो. तुमी खोली द्या. गाडी निघाली त्या दिशीपासून लेकरं शाळंत झोपतील."

"स्वयंपाक कोण करील?"

शेवंताबाई नावाच्या विधवा बाई मागे बसल्या होत्या. त्या तोडीला जात नव्हत्या. "मी करते," त्या म्हणाल्या. "पर पोरींच्या संगं झोपायला आनखी एक बाई पायजे." ती बाईही मिळाली.

तेव्हा कमलचा दीर, निकिताचा तो काका, पुढे आला. तोवर तो दाराजवळ उभा राहून ऐकत होता. "आमी काय लेकराचे दुश्मन हाव का?" तो म्हणाला. "आमच्या घरी खाल्लं, आमच्या घरी ऱ्हायली. आता ही पुन्याची बाई येऊन सांगून राहिली, आमी मारतो म्हनून!"

मी म्हणाले, "मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, दादा." पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो भावजयीकडे बघत होता. सगळी शाळा कमलकडे बघत होती.

ती म्हणाली, "मी तुमाला काही म्हनत न्हाई, भावजी. लेकरू शाळंत ऱ्हाईल."

एवढंच. आवाज चढवला नाही, मागचं काही काढलं नाही. पण बसलीही नाही. शेवटी तोच निघून गेला.

नाईकांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी खिशातून खोलीची किल्ली काढून शेवंताबाईंच्या हातात दिली. जाता जाता शोभाताईंनी एक गोष्ट ठरवून घेतली. वसतिगृहात एक फोन राहील, आणि आईचा फोन आला की लेकराने तो घेऊन एकट्याने लिंबाखाली जायचं. मागे कुणी जायचं नाही.

निरोप

माझं परतीचं तिकीट मी पुढे ढकललं. गाड्या निघाल्या ती सकाळ थंड होती. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोयते, बाजरीची पोती, एक शेळी. लहान बाळं आयांच्या कडेवर बसून वर चढली. मागे राहणारी लेकरं एका ओळीत उभी होती, कुणी तशी उभी केली नसताना.

आमच्याकडे माणसं लांब जाताना हातावर दही देतात, नीट जा, पोचल्यावर कळव म्हणतात.  इथे कमलने निकिताच्या वेणीची रिबीन सोडली आणि परत बांधली. परत सोडली. देविदास भावाच्या घराकडे बघत होता. दीर आला नाही. बैल कोण बघणार ते नाईकांनी आदल्या दिवशी दुसऱ्या एकाशी बोलून ठरवलं होतं, पण दोन भावांमध्ये जे तुटलं ते तुटलंच होतं, आणि ते मी आले म्हणून तुटलं की आधीच तुटलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

गाडी हलली. निकिता रडली नाही. गाडी वळणापलीकडे गेल्यावर ती "याडी" म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. हाक मारल्यासारखं नाही, नुसतं म्हणाली.

संध्याकाळी मी शाळेत गेले. शेवंताबाईंनी डाळ आणि भाकरी केली होती. निकिता सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली, पहिली भाकरी अर्धीच खाल्ली, मग शेजारच्या पोरीने काही तरी सांगितलं त्यावर हसली, उरलेली संपवली आणि आणखी अर्धी मागून घेतली.

लातूर

परतताना मी सरळ पुण्याला गेले नाही. न कळवता लातूरला उतरले. ईशा क्लासमधून बाहेर आली, मला बघून आधी घाबरली, मग चिडली, मग माझी नवी चप्पल बघून हसायला लागली. आम्ही एका टपरीवर चहा घेतला. मग तिच्या खोलीवर जाऊन तिचे धुतलेले कपडे दोघी घड्या घालत बसलो. मी म्हणाले, तुझा दिवस कसा जातो, सकाळपासून सांग.

ती काय म्हणाली ते तिचं आहे. ते इथे लिहीत नाही. कपड्यांच्या घड्या संपल्या, तरी मी एक कुर्ता परत उलगडून पुन्हा घडी घालत राहिले, कारण ती अजून बोलत होती.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी कमलचा फोन आला. मागे कोयत्यांचे आवाज येत होते, कुणी तरी मोळ्या मोजत होतं. ती सांगलीकडेच होती, माझ्या माहेरापासून फार लांब नाही.

"ताई, तुमी बघितलं व्हतं ना तिला, आमी गेल्यावर? त्या दिशी जेवली व्हती का ती?"

"जेवली. डाळ-भाकरी. परत मागून घेतली."

"हसली व्हती का?"

"हसली."

मोळ्या मोजणारा आवाज लांब गेला, ती चालत बाजूला आली असावी. 

"आता रोज रडते फोनवर," कमल म्हणाली. "याडी ये, याडी ये म्हनते. शेवंताबाई डाळीत मीठ जास्त टाकते म्हनते, अमकी पोरगी चिडवते म्हनते, समदं सांगते. मी हिकडं ऐकत बसते. माझ्या बी डोळ्याला पानी येतं."

"मग तुम्ही काय म्हणता तिला?"

"काही न्हाई म्हनत, ताई. रडू देते."

पलीकडून कुणी तरी तिला हाक मारली. तिने घाईने फोन ठेवला.